चिंगी गोधडीवरच का जाते?

पत्र

नमस्कार ताई,
दहा-बारा दिवसांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर पावसात स्कूटरखाली मांजराचं पिल्लू कुडकुडत बसलेलं सापडलं. आई दोन दिवस फिरकली नाही, म्हणून मुलीनं हट्ट करून वर आणलं. पांढरं, काळं, नारिंगी असं तिरंगी आहे, डोळे निळसर, तळहातावर मावेल एवढं. नाव चिंगी. दुकानदाराच्या सांगण्यावरून झाकणाचा, झुलत्या दाराचा लिटर बॉक्स (मांजराच्या शू-शीचा डबा) आणला, त्यात घालायला लॅव्हेंडरच्या वासाचं, ओलं झालं की गोळा होणारं लिटर, म्हणजे ओल शोषणारी माती आणली आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवलं. बॉक्स रोज फिनाइलनं धुते. तरी ही बया सासऱ्यांच्या गोधडीवर नाहीतर पायपुसण्यावर शू करते, कधी मोरीत जाते. शी सोफ्यामागे. मिस्टर तिचं नाक त्यात घासतात, मग ती दिवसभर कपाटाखाली दडून बसते. दूध-पोळी आवडीनं खाते, पण शी पातळच. सासूबाईंचं म्हणणं, मच्छी मार्केटपाशी सोडून या, कारण नणंदेला सातवा लागलाय आणि डोहाळजेवण झालं की ती बाळंतपणाला इकडेच येणार आहे. मी काय करू?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर

बॉक्स धुऊन धुऊन तुम्ही दमलात आणि वर चिंगीवरून घरात बोलणी खाताय, हे दिसतंय. पण उकरून शू-शी करायची आणि वर माती लोटायची, हे मांजराच्या पिल्लाला कुणी शिकवावं लागत नाही. पहिले काही आठवडे आई चाटते तेव्हाच त्याला शू-शी होते. साधारण तीन-चार आठवड्यांचं झालं की ते स्वतःहून उकरायला लागतं. चिंगीलाही ते येतं. तिला तुमचा बॉक्स पसंत नाही, आणि का नाही त्याची सगळी कारणं तुमच्याच पत्रात आहेत.

पहिलं फिनाइल, कारण ते आजच्या आज बंद व्हायला हवं. फिनॉल जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. आपल्याला ‘स्वच्छ वास’ वाटतो तो तिच्या पंजांना लागतो, ती पंजे चाटते आणि ते सगळं पोटात जातं. काळं फिनाइल, पाइन तेलाचं पांढरं फिनाइल, डेटॉल, सगळ्यांची तीच गत. लाळ गळणं, तोंडात फोड येणं, चालताना झोकांड्या जाणं असं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टर गाठा. बॉक्स धुवायला गरम पाणी आणि भांड्यांचा थोडासा साबण भरपूर झाला, नंतर खळखळून धुऊन उन्हात किंवा पंख्याखाली कोरडा करायचा. फरशीसुद्धा चिंगी लहान आहे तोवर साबणाच्या पाण्यानंच पुसा. कामाच्या मावशींना हे तुम्ही स्वतः समोर उभं राहून सांगा, नाहीतर बादलीत झाकणभर फिनाइल पडणारच. सवय असते हाताला.

दुसरी गोष्ट वय. पिल्लांच्या डोळ्यांचा निळा रंग साधारण सहा-सात आठवड्यांच्या सुमारास बदलायला लागतो, म्हणजे चिंगी अजून दोन महिन्यांचीही नसावी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पातेल्यात बसवून बघा. या वयात ढोबळ हिशोब आठवड्याला शंभर ग्रॅमचा असतो. सहा आठवड्यांचं पिल्लू सहाशे-सातशे ग्रॅम भरतं. (तिरंगी आहे म्हणजे मादीच धरा, तिरंगी बोका फार क्वचित जन्मतो.) एवढ्याशा पिल्लाला शू लागली आणि झाली यांत फारसा वेळ जात नाही. हॉलमधून निघून स्वयंपाकघर ओलांडायचं, ड्राय बाल्कनीचा उंबरा चढायचा, मग झुलतं दार डोक्यानं ढकलायचं आणि बॉक्सच्या उंच काठावरून आत उडी मारायची, एवढं सगळं होईपर्यंत दम कसा निघणार? वाटेत आजोबांची मऊ गोधडी लागते. पाय रुततात, ओल मुरते, उकरल्यासारखं वाटतं. तिच्या हिशोबानं ती जागा अगदी योग्य आहे.

त्यात शेजारी वॉशिंग मशीन. एकदा जरी ती आत बसलेली असताना मशीन गरगरा फिरायला लागलं असेल, तरी त्या कोपऱ्यावर तिनं कायमची फुली मारली असं समजा.

झाकणाचा बॉक्स माळ्यावर टाका. मोठी झाल्यावर चालला तर चालला, पण बऱ्याच मोठ्या मांजरांनाही तो नकोच असतो. आत वास कोंडतो, शिवाय बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. सध्या तिला उघडा, पसरट आणि पाच-सहा सेंटिमीटर काठाचा ट्रे लागेल. त्यासाठी दुकानात जायलाही नको. आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीचं झाकण घरात पडलेलं असेल, तर त्यात प्लॅस्टिकची जाड पिशवी पसरली की काम झालं. भिजलं की फेकून दुसरं. प्लॅस्टिकचा उथळ टबही चालेल, पण घमेलं नको, त्याचा काठ तिच्यासाठी उंच पडतो. ती मोठी झाली की ट्रेही मोठा घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत जेवढी लांबी, त्याच्या दीडपट लांब ट्रे असावा, म्हणजे आत नीट वळता येतं.

आता लिटर. ही वस्तू तशी अलीकडची आहे. 1947 साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, एड लो नावाच्या माणसानं शेजारणीला मांजरासाठी वाळूऐवजी ओल शोषणारी माती दिली आणि तिथून लिटरचा धंदा उभा राहिला. त्याआधी तिकडेही लोक खोक्यात वाळू नाहीतर राखच घालत. ओलं झालं की गोळा होणारं लिटर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1980च्या दशकात आलं. त्यात बेन्टोनाइट नावाची माती असते, आपल्याकडे कच्छमध्ये तिच्या खाणी आहेत. पाणी लागलं की ती फुगते आणि घट्ट बसते, म्हणून मोठ्या मांजराची सफाई सोपी होते. चिंगीच्या वयाचं पिल्लू मात्र दिसेल ते चावून बघतं. हीच माती पोटात जाऊन फुगली तर आतडं तुंबायची भीती असते. तेव्हा ती पिशवी निदान तीन-चार महिन्यांची होईपर्यंत बांधून ठेवा. आणि लॅव्हेंडर तर नंतरही नको. तो वास आपल्यासाठी घातलेला असतो; मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्याला तो अत्तराची बाटली फुटल्यासारखा लागत असणार.

मग घालायचं काय? चिंगी पार्किंगमधली आहे. मांजराला पायाखाली काय आवडतं हे पिलूपणीच्या या आठवड्यांत बरंचसं ठरतं, आणि तिच्या पायाला आजवर माती आणि वाळूच लागली असणार. तेव्हा चाळलेली, धुऊन कडक वाळवलेली वाळू ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीची पसरा. हल्ली वाळू म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, हातात ठेवतात, तिची धूळ फार उडते, ती दोन-चारदा धुऊनच वापरा. पावसात वाळू वाळवणं जमत नसेल तर लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या मिळतात, त्या चांगल्या. शू पडली की विरघळून भुसा होतो, वासही धरून ठेवतात. वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणणार असाल तर साध्या लाकडाचाच आणा. प्लायवुडच्या कामाचा नको, त्यात चिकटवायची रसायनं असतात. रद्दीचे तुकडे बारीक फाडून घातले तरी चालतात, पण तुमचे सासरे सकाळी पेपर जमिनीवर पसरून वाचत असतील तर हा प्रयोग न केलेला बरा.

आता मुख्य काम. चिंगीला सध्या सगळं घर मोकळं आहे, ते बंद करा. काही दिवस तिला एकाच लहान खोलीत ठेवा, जिथे गाद्या-गोधड्या खाली नसतील आणि पायपुसणं उचललेलं असेल. एका कोपऱ्यात ट्रे, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात तिचं अंथरूण, पाणी आणि जेवण. जिथे जेवतात तिथे मांजरं शी करत नाहीत, म्हणून ताटली ट्रेला चिकटून ठेवायची नाही. गोधडीवर पुढच्या वेळी शू झाली तर कागदाच्या तुकड्यानं टिपून तो कागद ट्रेमधल्या वाळूत खुपसून ठेवा. तो वास तिला ‘इथे’ असं सांगेल, तुमच्या-माझ्यापेक्षा स्पष्ट.

झोपून उठली की, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आणि दंगामस्ती संपली की तिला अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवा. पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, पिल्लांमध्ये तर लगेच, म्हणून जेवणानंतरची वेळ चुकवू नका. तिचा पंजा धरून उकरायला लावू नका. बऱ्याच जणांना हा उपाय फार आवडतो, पिल्लाला मात्र हात धरलेला आवडत नाही. त्याऐवजी जुन्या चमच्यानं तुम्हीच वाळू खरवडा. तो खर्र खर्र आवाज ऐकून कान पुढे करते का बघा. आली बाहेर तर येऊ द्या, पुन्हा दहा मिनिटांनी ठेवा. मधेच जमीन हुंगत कोपऱ्यात गोल फिरायला लागली, पुढच्या पायानं फरशी खरवडायला लागली, की तीच वेळ. न ओरडता उचलायचं. ट्रेमध्ये झालं की हळू आवाजात कौतुक करा, उचलून नाचू नका, ती घाबरेल.

तुमच्या मुलीला सुट्टी असेल तर हे काम तिच्याकडे द्या. पिल्लाच्या झोपा आणि जेवणं यांचं वेळापत्रक लहान मुली आपल्यापेक्षा काटेकोर सांभाळतात, असा माझा अनुभव आहे. फक्त ट्रे साफ करायचा मोठ्यांनी.

साधारण आठवडाभर एकही चूक झाली नाही की मग एकेक खोली उघडा. हॉल उघडला की हॉलमध्येही एक ट्रे ठेवा. एका मांजराला दोन ट्रे हा जगभर सांगितला जाणारा हिशोब आहे, मांजरं जितकी त्यापेक्षा एक जास्त. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये दोन ट्रे म्हटल्यावर सासूबाई कपाळाला हात लावतील, पण दुसरा काही महिन्यांनी उचलता येईल. ड्राय बाल्कनीच हवी असेल तर ट्रे रोज हातभर सरकवत तिकडे न्या, मशीनपासून लांबच्या टोकाला. आणि बाल्कनीला जाळी आहे ना, ते आधी बघा.

ट्रेमधली शी आणि ओला भाग दिवसातून दोनदा काढायचा. पावसाळ्यात सगळंच दमट असतं, तेव्हा वाळू किंवा भुसा चार-पाच दिवसांनी पूर्ण बदला, पण जुन्यातली मूठभर नव्यात मिसळा म्हणजे तिला ओळख पटेल. घाण कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. कमोडमध्ये नको, पाइप तुंबेल. कुंड्यांच्या खतातही नको.

गोधडी नुसती धुतली की वास गेल्यासारखा वाटतो, तो आपल्यापुरता. मांजराच्या मूत्रातलं युरिक आम्ल साध्या धुण्यानं निघत नाही, हवा दमट झाली की पुन्हा दरवळतं, आणि तिला वाटतं आपली जागा अजून आहे. आधी गार पाण्यात भिजवून पिळा, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते लावून बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा. ते मिळेपर्यंत पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून वापरा. अमोनियाची क्लीनर नकोत, त्यांचा वास मूत्राशी मिळताजुळता असतो. मूत्रावर ब्लीच तर अजिबात ओतू नका, त्यातून घशाला झोंबणारा वायू सुटतो. कापसाची गादी मुरली असेल तर ती उन्हाशिवाय धड होणार नाही. तोवर सासऱ्यांच्या अंथरुणावर चादरीखाली मेणकापड घाला. नणंदेच्या बाळासाठी आणायचं आहेच, थोडं जास्त आणा.

मिस्टरांना आता सांगायला हवं. नाक घासल्यानं ‘इथे शू करायची नाही’ हे तिला कळत नाही. तिला एवढंच कळतं की आपण हे करताना हा माणूस दिसला तर धोका आहे. मग ती त्याच्या नजरेआड करायला शिकते. शी सोफ्यामागे व्हायला लागली ती बहुधा याच धड्यामुळे. दोन मिनिटांपूर्वीची चूकसुद्धा तिच्या लेखी इतिहासजमा असते, त्यामुळे नंतर दाखवून काही उपयोग नाही. सोफ्यामागची जागा नीट पुसून तिथेच तिची जेवणाची ताटली ठेवा किंवा तो कोपरा बंद करा. कपाटाखालून तिला ओढून काढू नका. मिस्टरांनी जमिनीवर बसून, तिच्याकडे न बघता, उकडलेल्या चिकनचा बोटभर तुकडा शेजारी ठेवावा. रोज. येईल.

दूध-पोळीचं ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. आईच्या दुधातली साखर पचवायची ताकद मांजरात हळूहळू कमी होत जाते, आणि गाई-म्हशीचं दूध पातळ शीचं अगदी नेहमीचं कारण आहे. पोट बिघडलेलं पिल्लू ट्रेपर्यंत पोचूच शकत नाही, तिथे शिस्तीचा प्रश्नच येत नाही. मांजर पक्कं मांसाहारी. पिल्लांचं तयार खाणं आणा, दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, पाणी कायम समोर असू द्या. सुरुवातीचे दोन दिवस बिनमिठाचं, बिनहळदीचं उकडलेलं चिकन कुस्करून चालेल. सुके बोंबील वगैरे नकोत, खारट असतात.

मोरीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण बरेच लोक त्यावर खूश असतात, ‘आमची मांजर बाथरूममध्येच जाते’ म्हणून. सवय लागली तर मोडू नका, लावू मात्र नका. बाथरूमचं दार दिवसभर लागत-उघडत असतं, तिथे ॲसिड आणि फिनाइल पडतं, आणि शू वाहून गेल्यामुळे तिच्यात रक्त होतं का, ती किती होती, हे कळायला मार्ग राहत नाही. चिंगीला ती अजून पक्की लागलेली नाही, तेव्हा मोरीच्या जाळीवर चार दिवस बादली पालथी घाला.

आता नणंदेचं. सासूबाईंची भीती हवेतली नाही, तिला आधार आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या शीतून बाहेर पडतो आणि गरोदर बाईला पहिल्यांदाच त्याचा संसर्ग झाला तर बाळाला इजा होऊ शकते. पण तो कसा पसरतो ते कळलं की मार्ग निघतो. लागण झालेलं मांजर साधारण आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे हे जंतू शीतून टाकतं. ते बाहेर पडल्या पडल्या बाधतही नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर धोका मोठ्या प्रमाणात तिथेच संपतो. ट्रेला नणंदेनं हात लावायचा नाही, तो तुम्ही किंवा मिस्टरांनी साफ करायचा, हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. ट्रेमध्ये वाळू किंवा माती वापरली असेल तर तीही नणंदेनं उपसायची नाही, कुंड्यांतली मातीही नाही. चिंगीला कच्चं मांस द्यायचं नाही आणि उंदीर-पाली मारायला बाहेर सोडायचं नाही. माणसाला ही लागण अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजी-कोशिंबिरीतूनही होते, तेव्हा मांजर हाकललं आणि कोथिंबीर तशीच न धुता चिरली, तर काय मिळवलं? नणंदेच्या डॉक्टरांना घरात पिल्लू आहे हे सांगा. पूर्वी संसर्ग होऊन गेलाय का, हे रक्ताच्या तपासणीत कळतं, ती करायची का ते डॉक्टर ठरवतील. मांजर कुरवाळलं म्हणून कुणाला हे होत नाही, हात धुतले की झालं.

आणि मच्छी मार्केटपाशी सोडण्याबद्दल: एवढं पिल्लू तिथे जगत नाही. मोठे बोके, कुत्री आणि टेम्पो. घरात ठेवणं अगदीच जमणार नसेल तर दत्तक घेणारं घर शोधू, मला पुन्हा लिहा.

या आठवड्यातच तिला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. पार्किंगमधल्या पिल्लाच्या पोटात जंत असतातच असं धरून चाला. औषध वजनावर ठरतं आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं, मेडिकलमधून अंदाजानं आणू नका. लसी याच वयात सुरू होतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. नसबंदी कधी करायची तेही विचारून ठेवा, कारण मांजरी चार-पाच महिन्यांतही माजावर येते आणि मग ट्रे सोडून भिंतींवर, पडद्यांवर मुतायला लागली तर वरचं सगळं मुसळ केरात. शू करताना ती कण्हत असेल, पुन्हा पुन्हा बसून थेंबभरच होत असेल, शूत रक्त दिसलं, किंवा पातळ शीबरोबर खाणं थांबलं आणि मलूल पडली, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. एवढ्या पिल्लाच्या अंगातलं पाणी एका दिवसात कमी होतं.

जाताना सकाळची ताजी शी झाकणाच्या छोट्या डबीत घेऊन जा, डबीवर वेळ लिहा, आणि निघायच्या आधी वजन करून घ्या.